इतिवृत्त

वही माझ्या हाती आली ती अक्षरामुळे.
जुन्या कारकुनाला मोतीबिंदू झाला,
आणि मी सातवीपर्यंत शिकलेली, रेघ न सोडणारी.
तू फक्त लिही, म्हणाले म्हातारे ओतेमा,
बोलू नकोस.

मागची पानं चाळली. अठरा बैठका.
प्रत्येकीत पुरुषांची नावं, बापाच्या नावासकट,
एकाखाली एक,
आणि तळाशी एकच ओळ:
शिवाय बायका, पुष्कळ.

आज आंब्याखाली सात खुर्च्या.
चटया किती, ते कुणी मोजत नाही.

गुलूच्या वाटेनं लान्येरो आली,
तेवीस वर्षांची, सायकलची चेन पडलेली, बोटं काळी,
कायद्याचं पुस्तक खताच्या पिशवीत गुंडाळलेलं.
पाणी कुणी विचारलं नाही.
ती चटईवर बसली, आचिरोच्या गुडघ्याला गुडघा लावून.

प्रकरण: आचिरोचं शेत.
छावणीतून परतल्यावर तिनं आणि नवऱ्यानं
हद्दीवर घायपात लावलेला, हात सोलून निघेस्तोवर.
मागच्या वर्षी नवरा गेला.
चाळिसावा दिवसही उलटला नव्हता,
घायपात उपटला गेला
आणि बांध एका रात्रीत बावीस पावलं चालला.

दीर ओलान्या म्हणाला:
जमीन कुळाची. बाई येते तशी जाते.
(हे शब्दशः लिहिलं आहे.
पान इथं थोडं फाटलं, पेन जोरात टेकलं म्हणून.)

लान्येरोनं पुस्तक सोडलंच नाही पिशवीतून.
ओलान्याला विचारलं,
झड लागली की त्या शेतात पाणी आधी कुठं साचतं?
त्यानं वर आभाळाकडं पाहिलं.
वारुळं किती? त्यातलं जितं कोणतं?
शीयाच्या झाडाला ढोली कोणत्या अंगाला?
हे काय प्रश्न झाले, तो म्हणाला.

तेवढ्यात चटयांवरून उत्तरं यायला लागली,
कुणी न विचारता, एकीचं दुसरीत मिसळून.
वारुळं तीन. जितं मधलं.
ढोली उगवतीला, मध काढताना आचिरोचा हात सुजला
तेव्हा पाला मीच चोळला होता.
आणि पाणी साचतं खालच्या कोपऱ्यात,
तिचं पहिलं लेकरू पुरलंय तिथं.

मग कुणी बोललं नाही.
एक कोंबडी सातही खुर्च्यांखालून गेली.

निकाल लागला नाही.
पुढच्या महिन्यात पुन्हा, म्हणाले ओतेमा.
मी लिहिलं: पुढच्या महिन्यात पुन्हा.

लान्येरो चेन बसवत होती.
मान वर न करता म्हणाली, हजेरी घेतलीस?
घेतली.
सगळ्यांची?

बायका चटया झटकत उठत होत्या.
मी वही घेऊन त्यांच्यात शिरले.
हसल्या. आमची नावं कशाला, आम्ही काय शाळेत आहोत?
एक म्हणाली, ओजाराची आई लिही.
तुझं?
ती थांबली. उंबऱ्यापाशी काही विसरल्यासारखी
थांबली, मग म्हणाली, लायेत.
आणि पुन्हा एकदा, स्वतःशीच, लायेत.

पावसात जन्मली ती आकोत.
लढाईत जन्मली ती आमोनी, अशा दोघी आहेत.
आबेर. आतिम, पाठीवर झोपलेली मुलगी धरून दोन.
पान संपलं तेव्हा समासात लिहिली,
समास संपला तेव्हा आडवी.
एकेचाळीस.

ओतेमांनी वही डोळ्यांपासून लांब धरली.
एवढी शाई?
म्हटलं, बाबा, अक्षर बारीक काढलंय.
एवढंच बोलले मी बैठकीत,
आणि बैठक तेव्हा संपली होती.

दिवस कलताना आचिरो शेतावर गेली.
ओटीतून मूठमूठ तीळ घेऊन
त्या बावीस पावलांवर फेकत राहिली,
अंधार पडून हात दिसेनासा झाला तरी.
हे बैठकीत घडलेलं नाही, इतिवृत्तात बसत नाही.
पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही,
आई सगळ्यांना सांगतेच.
म्हणून हेही नोंदवलं आहे.