दोन पंपांमधलं अंतर

जेवणाच्या टेबलावर नामिबिया पसरलाय,
पंख्याने उडू नये म्हणून
एका कोपऱ्यावर लिंबाच्या लोणच्याची बरणी.
हेमांगी पट्टीने मोजते:
दोन पेट्रोलपंपांमध्ये दोनशे ऐंशी किलोमीटर,
मध्ये काहीच नाही.
‘काहीच’ ती पेन्सिलीने दोनदा अधोरेखित करते.

आज सोसायटीच्या पार्किंगमध्ये
तिने चाक बदललं, एकोणीस मिनिटांत.
वॉचमन घोगरे म्हणाले,
मॅडम, पंक्चरवाला कोपऱ्यावरच आहे की.

मुंबई, अदिस अबाबा, विंडहुक,
मग भाड्याची गाडी, पाण्याचे कॅन.
वाळूत टायरची हवा कमी करायची,
एवढं मी पाठ केलंय.

रात्री सिंहगड रस्त्यावर
पाऊण तास एकाच जागी.
तिने इंजिन बंद केलं, काच खाली घेतली,
म्हणाली, तिथे कुणी हॉर्न वाजवला
तर किती आनंदाने थांबू आपण.