तेरा मिलिमीटर

तेरा मिलिमीटरच्या गोलात
कुरिमोतो मावतात, इनागाकी मावतात,
चाळीस वर्षं मावत आलेत.
दिलफुझा एर्गाशेवा मावत नाही.

ती म्हणाली, नुसतं दिलफुझा कोरा.
जपानी तिची माझ्या नातवापेक्षा स्वच्छ,
फक्त नको तिथे जरा जास्तच अदबीची.

हामामात्सुच्या गिअर कारखान्यात ती आता विभागप्रमुख.
ताश्कंदहून आली तेव्हा
कुणीतरी चहाचे कप धुवायला लावले होते.
तिने धुतले, मग यंत्राचा आराखडाही सुधारला.
हे ती नाही सांगत. गल्ली सांगते.

"आणि शिक्का कशाला?"
"घर घेतेय. बँकेला हवाय."
मग थांबून, स्वतःच्या बुटांकडे बघत:
"एप्रिलपासून आमच्याकडे शिक्के बंद.
त्या कागदावर सही माझीच."

म्हणजे माझ्या पोटावर पाय देणारी बाई
माझ्याच दुकानात आगाऊ पैसे मोजत उभी.

राग यायला हवा होता.
मी चष्मा पुसला.

उलटं कोरावं, तर नाव सुलट उमटतं.
चार अक्षरं आणि एक बारकं;
त्या बारक्याला पहिल्याच्या कुशीत बसवता बसवता
दुपार सरली.
ती स्टुलावर बसून विचारत राहिली,
लाकूड कोणतं, पातं कधी परजता.
माझ्या मुलाने हे कधी विचारलं नाही.

कालच्या वर्तमानपत्रावर ठसा मारला,
तांदळाच्या भावावर.
लाल. एक अक्षर किंचित कललेलं.

"दुसरा करून देतो."
"नको, असू दे.
मी आहे इथे अजून पस्तीस वर्षं.
कर्जच तेवढं आहे."