एकोणीस

यंदाच्या सरकारी पेपरातलं गणित:
फुटपाथ एकशे वीस फूट लांब,
दर बारा फुटांवर एक झाड लावायचं,
तर झाडं किती?
डॅरेनने लिहिलं, एकही नाही.
आणि खाली, पेन्सिल दाबून,
'वीतभर खाली बर्फ आहे. जगणार नाहीत.'

उत्तरसूचीत अकरा होती.
शून्य द्यायला माझा हात धजेना,
आणि ते कुठे चुकलं
हे, पगार घेत असूनही, मला सांगता येईना.

आमच्या गावाला फुटपाथ नाही.
चिखलावर टाकलेल्या फळ्या आहेत,
त्यांवरून चालत शाळा, आणखी चालत
कुस्कोक्विमचा काठ,
मासे सुकवायचे मांडव,
जे या उन्हाळ्यात रिकामेच राहिले.

म्हणून मी नानुगाकला वर्गात बोलावलं,
मुलांना मोजायला शिकव म्हटलं.
ती दाराशीच अडली.
तिच्या लहानपणी याच दाराबाहेर
भाषा काढून ठेवावी लागे, ओल्या बुटांसारखी,
आणि संध्याकाळी घरी निघताना
कित्येकांना आपली सापडतच नसे.
तिने बूट काढले.
मग, काय मनात आलं कोण जाणे,
पायमोजेही.

पाच म्हणजे बाहू, ती म्हणाली.
सहा म्हणजे ओलांडणं,
या हातावरून त्या हातावर,
ओढा ओलांडावा तसं.
दहा झाले की कमरेच्या वरचा माणूस संपला.
पुढचा खाली.
वीस म्हणजे युइनाक: माणूस पुरा.

(हे सगळं मी शिकले अँकरेजला, विद्यापीठात,
वहीत टिपून, परीक्षेपुरतं.
माझी आई माझ्यावर रागवायचीसुद्धा इंग्रजीत.)

मोजा आता, ती म्हणाली, आणि खुर्चीत बसून
दोन्ही पाय पुढे केले.
पोरं जमिनीवर पालथी पडून मोजू लागली.
सतरा. अठरा. एकोणीस.
आणि थांबली.
डाव्या पायाला करंगळी नव्हती.

'बर्फ फुटला होता. भावाला ओढत होते,'
ती म्हणाली.
'बोट गेलं. भाऊही गेला.'

'मग तू पुरी नाहीस?'
सगळ्यांत धाकट्या मुलीने विचारलं.
चांगल्या शिक्षिकेने इथे काहीतरी बोलायला हवं.
मी खडू शोधत राहिले.

'नाही,' नानुगाक म्हणाली, जराही न दुखावता.
'आमच्यात एकोणीसला म्हणतातच तसं:
वीस होता होता राहिलेलं.'

तेव्हा डॅरेन उठला.
हजेरीपटावर डॅरेन.
पण तो जन्मला त्या हिवाळ्यात
थोरांनी त्याला तिच्या भावाचं नाव दिलं, चाकायाक,
आणि नावामागोमाग
भाऊही थोडासा परत आला.
एकोणऐंशी वर्षांची बाई
नऊ वर्षांच्या पोराला दादा म्हणते,
पहिल्या माशाचा पहिला तुकडा त्याला देते;
यात कुणाला हसू येत नाही.

त्याने एक बूट काढला,
टाचेला भोक पडलेला मोजा काढला,
आणि तिच्या पावलाला लावून
आपलं पाऊल ठेवलं, उजवं,
रिकाम्या जागी नेमकी करंगळी येईल असं.

'युइनाक,' तो म्हणाला.
उच्चार जरा चुकलाच.

त्या दिवसाच्या नोंदवहीत एक रकाना होता,
'पाठाचे उद्दिष्ट साध्य झाले काय?'
तो मी अजून भरलेला नाही.

नानुगाकने ती इवलीशी करंगळी चिमटीत धरली,
दाबून पाहिली,
गार पडलीय का ते पाहिलं.
मग म्हणाली, 'दादा,
मोजा घाल आधी.'