गुरुवारचे वाटाणे

गुरुवारी आमच्याकडे वाटाण्याचं सूप.
फळ्यावर लिहायचीसुद्धा गरज नाही,
केमी गावात गुरुवार म्हणजे वाटाणेच,
वर मोहरीची चटणी, मागून जाड पॅनकेक, जॅम.
बंदरातले लोक साडेदहालाच येतात,
बूट आपटून बर्फ झाडतात,
आणि काचांवर इतकी वाफ धरते
की बाहेरचा गोठलेला समुद्र
आहे की नाही, कळत नाही.

ती पहिल्यांदा आली तेव्हा उणे सव्वीस होतं.
टोपी काढली, केस विजेने उभे,
आणि उधार मागावं तसं हळू विचारलं,
"विस्तव न लागलेलं काही आहे का?"

तीस वर्षं मी शेगडीशी उभी आहे.
माझ्या हातांवरच्या प्रत्येक डागाला
एक वार आहे, एक भांडं आहे.
विस्तव न लागलेलं?
राईचा पाव भाजलेला. बीट उकडलेलं.
काकडीच्या लोणच्यातलं पाणीही उकळलेलं.
कॉफीचं तर नावच काढायला नको.
मग कोबी चिरला, एक गाजर, अर्धं सफरचंद.
ताटली मात्र सवयीने गरम फळीवरची घेतली.
तिच्या बोटांना ते कळलं.
बोलली नाही.
कोबीच बिचारा कडेने मऊ पडला.

क्रेनवाला वेइक्को म्हणाला,
"सशाचंही हिवाळ्यात असंच असतं,
फक्त ससा पैसे देत नाही."
सगळे हसले, तीही.
आमच्याकडे जेवणाला आवाज नसतो,
माणसं सूप गिळतात आणि गप्प राहतात.
तिने गाजर मोडलं
की अख्खी खोली वर बघायची.

मग दर गुरुवारी.
खिडकीकडचं टेबल, कोट अंगावरच.
हेइमो गल्ल्यामागून कुरकुरायचा,
जेवणाचे पैसे घ्यायचे की कोबीचे?
ती जेवणाचे द्यायची.

हे का, ते मी विचारलं नाही.
डॉक्टर असेल, देव असेल, कुणाला दिलेला शब्द असेल.
माणूस काय खात नाही
ते त्याच्या पाकिटाइतकंच त्याचं.
फक्त एकदा म्हटलं,
कोबी तर घरीही थंडच असतो,
एवढ्या गारठ्यात इथवर कशाला?
"वासासाठी," ती म्हणाली.
"वासाला मी नियम लावलेला नाही."

सूपचे वाटाणे मी बुधवारी रात्री भिजवते.
त्या आठवड्यात मूठभर सोमवारीच भिजवले,
ओल्या फडक्यात बांधले
आणि कॉफीच्या यंत्रावर ठेवले,
जिथे ऊब असते, कोंबडीच्या पोटाखाली असावी तेवढीच.
हेइमोला सांगितलं, फडकं वाळत घातलंय.
गुरुवारी सोडून बघते तर
प्रत्येकाला पांढरी शेपटी.

मागच्या पायरीवर जाऊन
ताटली बर्फात दाबून धरली, शंभरपर्यंत मोजलं.
मग तिच्यापुढे ठेवली.
"वाटाणे," मी म्हटलं. "आज गुरुवार आहे."

ती बराच वेळ नुसती बघत होती.
मग मोहरीच्या बरणीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.
"मोहरी चालते?"
"चालत असावी," ती म्हणाली, आणि झाकण उघडलं.
वेइक्कोने न विचारता एक दाणा उचलला,
खूप वेळ चावला.
"सूपच बरं," म्हणाला,
आणि पुन्हा हात पुढे केला.

तेव्हा कुठे मी तिचं नाव विचारलं.
तैमी.
आमच्या भाषेत त्याचा अर्थ रोप.
मला हसू आलं, तिलाही माहीत होतं मला का हसू आलं ते,
आणि आपण किती वेळ इथेच उभ्या आहोत
याचं भान राहिलं नाही.

सूप तळाला लागलं.
तीस वर्षांत दुसऱ्यांदा.
वरचं वरचं काढून वाढलं, जास्त मोहरी घातली,
बंदरातल्या एकालाही कळलं नाही.

जाताना ती दारात थांबली,
टोपी कानांवर ओढली.
"आज वास वेगळा होता," म्हणाली.