एडगै

ट्रॉली उसाची. दोन जोडलेल्या, मागे दिवा नाही.
अक्कोळ रस्त्याच्या वळणावर दुसरी झुलली
आणि माझा उजवा हात
तिच्या आणि पुलाच्या कठड्याच्या मधे राहिला.
अंगठा गेला. शेजारचं बोट अर्धं.
बाकीची आहेत, पण ऐकत नाहीत.

निपाणीत हात म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगावं लागतं.
पान कातरायचं, चिमूटभर जर्दा, वळायचं,
आणि तोंड मुडपायचं ते अंगठ्याच्या नखानं.
दिवसाला हजार. सूप मांडीवर,
तोंडानं गप्पा, खाली बघायचं नाही.
सत्तावीस वर्षं मी माझ्या अंगठ्याकडं बघितलं नव्हतं.

दवाखान्याच्या पायरीवरच एक जण भेटला.
"मावशी, सात-आठ लाख कुठं गेले नाहीत.
इथं, इथं आणि इथं अंगठा करा. मजकूर मी भरतो नंतर."
कोरे कागद.
पान उलटून बघितल्याशिवाय मी कधी घेतलं नाही,
हे त्याला काय ठाऊक.

मग दिराच्या ओळखीचे कुडचीकर वकील.
"आपला माणूस," दीर म्हणाला, "मराठी."
गरगर फिरणारी खुर्ची, भिंतभर सत्काराचे फोटो.
माझी फाईल त्यांनी जर्द्याच्या पुड्यासारखी हातात तोलली,
उघडली नाही.
"पस्तीस टक्के माझे. तुम्ही यायची पण गरज नाही."
मी विचारलं, आत काय लिवलंय?
"कन्नडात आहे ते. तुम्हाला काय करायचंय?"

शहनाजनं सांगितलं, कोर्टामागं, झेरॉक्सच्या वर,
पट्टणशेट्टी बाई बसतात.
"कानडी?" दीर एवढंच म्हणाला, आणि आला नाही.

बाईंनी आधी पाणी दिलं. मग हात मागितला.
कागद नव्हे, हात.
उलटा केला, सुलटा केला. "रात्री दुखतंय काय हो?"
नसलेला अंगठा दुखतो,
हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.
त्यांनी ते लिहून घेतलं.
"मजुरीचं पुस्तक आहे? पीएफची चिठ्ठी? आणा सगळं.
नाहीतर म्हणतील, घरातच बसती की, कमाई कसली."

मग माझा जबाब वाचला, मोठ्यानं. आधी कन्नड,
मग त्यांच्या अडखळत्या मराठीत,
जिथं माझा हात 'ती' झाला आणि ट्रॉली 'तो'.
एका शब्दावर थांबल्या.
एडगै.
मागं गेल्या, परत वाचलं. एडगै.
"डावा हात म्हणून लिवलेत की हो."

टेबलावर माझे दोन्ही हात होते.
डावा धडका. उजवा असा.
विमा कंपनीचा वकील एवढ्यावरच उभा राहील, त्या म्हणाल्या:
डॉक्टर उजवा म्हणतोय, पोलीस डावा म्हणतोय,
खरं काय म्हणायचं, साहेब?

कागद माझ्याकडं वळवून त्यांनी तळाशी बोट ठेवलं.
निळा ठसा. शेजारी हवालदाराच्याच अक्षरात: एडगै.
सही येते मला, रात्रशाळेत शिकले,
पण त्या दिवशी सहीचा हात बांधलेला.
डावा चिरडला, असं लिहिलेल्या कागदाखाली
डाव्या अंगठ्याच्या रेघा, एकूण एक.
आधी त्या हसल्या, मग मी.
अपघातानंतर पहिल्यांदाच असेल.

"किती मिळतील?"
"ठाऊक नाही. आकडा आजच सांगणारा भेटला
तर त्याच्या जिन्यावरून खाली उतरा."
वर्ष लागेल, दोन लागतील.
फी किती, ती कागदावर लिहून दिली,
दोन्ही भाषांत.

वकीलपत्रावर मी डाव्यानं सही केली.
शेवटचं अक्षर रेघेखाली घसरलं.
"चालतंय," बाई म्हणाल्या.

तारीख पुढच्या महिन्याच्या नऊला.
तोवर शहनाज तिचं सूप घेऊन माझ्या कट्ट्यावर येते.
मी डाव्यानं पानं कातरते, वाकडीतिकडी.
ती काही बोलत नाही,
तोंडं मुडपत राहते.