दोन रकाने

रोसारिओ, जुलै. खिडकीच्या काचेवर वाफ.
किटली शेगडीवर आहे, पण माते नंतर.
आधी यंत्र.
सिरो ते फडताळातून काढतो,
औषधवाल्या बास्सोकडून तीन हप्त्यांत घेतलेलं.
दोन वर्षांपूर्वी त्याचा पट्टा
आम्हा दोघांना एकाच खुणेशी बसायचा.
आता माझ्या दंडाला सैल होतो, त्याच्या दंडाला घट्ट.

पाच मिनिटं बोलायचं नाही. पाय जमिनीवर,
पाठ टेकलेली, हात टेबलावर, काळजाच्या उंचीला.
ह्या घरात एवढी शांतता
आजवर कोणी आणली नव्हती.

वहीत दोन रकाने. आई. सिरो.
पहिल्या पानांवर दुसऱ्या रकान्याला वेगळं नाव होतं,
ते त्याने खोडलं नाही, वरून नुसती पट्टी चिकटवली.
मला वेळ लागला.
आली म्हणता म्हणता आला म्हणायला,
वेलांटी पुसून काना द्यायला
जीभ वर्षभर अडखळली. अजून अडखळते,
विशेषतः तो आजारी असला की.

माझं जे गेलं ते न सांगता गेलं,
रातोरात चंबूगबाळं आवरून.
चाळीस वर्षं मी त्याला ओळखत होते
ते फक्त डागांवरून, कळांवरून,
महिन्याच्या खर्चावरून.
ते आतून माझ्या रक्तवाहिन्यांना
मऊ ठेवत होतं, वाकायला शिकवत होतं,
हे मला कोणी सांगितलंच नाही.
गेल्यावर कळलं:
बावन्नाव्या वर्षी एकशे अठ्ठेचाळीस,
आणि रात्री तीनला छातीत
कोणीतरी घाईने जिना उतरतंय.

त्याचं जे आलं ते बोलावून आलं.
दर दुसऱ्या गुरुवारी, मांडीत, सुईने.
आधी आवाज बदलला, फरशीवर खुर्ची ओढावी तसा.
मग हनुवटीवर चार केस, ज्यांचे त्याने फोटो काढले.
मग रिपोर्ट: रक्त दाट होतंय.
डॉक्टर मीर्ताने डोस थोडा उतरवला
आणि सिरो घरभर पाण्याची बाटली घेऊन फिरू लागला,
जणू आतल्या नदीत पाणी ओततोय.

मी ओस्वाल्दोचं नाव काढत नाही.
तोच काढतो.
"बाबाला कोणी सुई टोचली नव्हती," म्हणतो,
"त्याचं जन्माचंच होतं.
तरी अठ्ठावन्नाव्या वर्षी, बंदराच्या कँटीनमध्ये..."
पुढचं मला पाठ आहे.
हातात मिठाची डबी होती.
बाहेर गव्हाचं जहाज अर्धं भरलेलं.
"मी मागतोय ते बाबाकडे होतं ते.
मग सगळंच येईल का, आई?"

हे मी डॉक्टरला विचारलं, तो बाहेर गेल्यावर.
ती म्हणाली, एकट्या हार्मोनच्या माथी
एवढं मारू नका.
नवरा सिगारेट किती ओढायचा?
मी खोटं सांगितलं. मग खरं सांगितलं.

एका बुधवारी वही चुकली.
चष्म्याशिवाय लिहिलं होतं मी.
"सिरो, एकशे एकावन्न?"
मीर्ता त्याच्याकडे बघत होती, तो माझ्याकडे.
"ते आईचं."
"मग हे एकशे बावीस?"
"ते माझं."
गोळी माझी बदलली.
परतताना ट्रॉलीबसमध्ये मी म्हटलं,
आधी नावात चुकायचे, आता आकड्यांतही.
तो हसला, त्या नव्या, खालच्या आवाजात:
"आकडा आला काय, आली काय."

त्या दिवसापासून मिठाची डबी
फडताळाच्या वरच्या फळीवर आहे.
तिथवर माझा हात पोचत नाही.
त्याचा पोचतो, पण तो काढत नाही.
रविवारी मांस अळणी लागतं. आम्ही खातो.
एकमेकांना सांगतो, सवय होईल.

आज त्याची रात्रपाळी.
आपलं मोजून, लिहून, जाकीट चढवून गेला.
पट्टा टेबलावर तसाच, त्याच्या मापाने मोठा.
मी हात घातला, ओढून घट्ट केला.
आत अजून त्याच्या दंडाची ऊब होती.
पाच मिनिटं बोलायचं नव्हतं,
घरात तर कोणीच नव्हतं.
एकशे छत्तीस.
चष्मा लावून लिहिलं.