डोणी

विहिरीपाशी उंटांना पाणी पाजायची लाकडी डोणी होती,
उन्हाने तडकलेली.
उंट चरायला गेले की मी तिच्यात उभा राहायचो, कप्तान म्हणून,
आणि धाकट्या ओयुनाला वल्ही मारायला बसवायचो.
वल्हं म्हणजे तंबूची मोडकी काठी.
ती विचारायची, दादा, पोहोचलो का?
मी म्हणायचो, अजून नाही. वल्हव.

चहूकडे गोबी.
समुद्र मी पाहिला होता तो शाळेतल्या नकाशावर,
तिथला निळा रंग उडून पांढरा झालेला
बोटं लावून लावून. बहुतेक माझीच बोटं.

परीक्षा मी द्यायची, असंच ठरलं होतं.
कोरियन भाषेचं पुस्तक स्टिअरिंगला सुतळीने बांधून
कोळशाच्या खेपा करता करता पाठ केलं.
ओयुनाने अर्ज भरला तो मला सोबत म्हणून,
आणि उलानबातरला तिला बूट घ्यायचे होते म्हणून.
निकाल लागला. मी तीन गुणांनी राहिलो.
ती पास.
आईने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं
आणि चहात दोनदा मीठ घातलं.

निघताना आईने तिच्या वाटेवर पळीने दूध शिंपडलं.
जीप गेली, धूळ बसली,
तरी ती शिंपडतच होती.
म्हटलं, पुरे, आता माझ्यावरच उडतंय.

बुसानच्या बंदरामागे एका कारखान्यात
दहा तास उभ्याने ती माशांची पोटं फाडते.
मोज्यांवर मोजे, तरी बोटं बधिर.
खोलीत चौघी: ही, एक नेपाळची, दोघी व्हिएतनामच्या.
भांडतात कोरियनमधून,
त्यामुळे सगळ्यांचं व्याकरण सुधारलंय म्हणे.

मी फोनवर विचारतो, जहाजं?
असतात.
केवढी?
मोठी असतात रे. झोपू दे.

दात एकीकडे, चणे एकीकडे.
दर महिन्याला पैसे येतात, त्यातून मी टायर घेतले,
नवे, चारही,
आणि तिच्यावर चिडत राहिलो.
एकदा चिडूनच विचारलं,
तुला लहानपणी काय व्हायचं होतं गं?
इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं.
ती म्हणाली, मला फक्त त्या डोणीतून उतरायचं होतं.
मग खूप वेळ हसली. मीही हसलो, जरा उशिरा.

या हिवाळ्यात सरहद्दीवर रांगेत होतो,
तिसरी रात्र, पुढे किती ट्रक ते दिसतही नव्हतं.
फोन वाजला.
पाळी संपवून, झोप सोडून,
ती धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेली होती.
म्हणाली, ऐक. आणि फोन पुढे धरला.

मी इंजिन बंद केलं.
असल्या थंडीत करू नये, डिझेल गोठतं.
आधी नुसता वारा, आमच्याकडे असतो तसाच.
मग खाली काहीतरी आपटत होतं, परत येऊन आपटत होतं,
डोणीत शेवटचं पाणी
उंट जिभेने ओढतात तसा आवाज.

खाली वाकून बोट बुडवलं मी, ती म्हणाली.
चाखलं पण.
कसं लागतं?
आईच्या त्या दिवसाच्या चहासारखं.

तेवढ्यात रांग हलली.
मागून पाचपन्नास ट्रक एकदम हॉर्न वाजवू लागले,
माझा चालू होईना.
अंधारात, बर्फात, लांबलचक, जाडेभरडे हॉर्न.

ती म्हणाली, दादा, हे कुठलं जहाज?
म्हटलं, कोळशाचं.